स्लॅबनंतरचा खर्च: नव्या घराच्या आतल्या कामांचं बजेट कसं मांडावं

स्लॅब झाला की पेढे वाटले जातात, आणि बहुतेक घरांचं गणित तिथूनच बिघडायला लागतं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला घर उभं राहिलेलं दिसतं. घरच्यांनाही वाटतं, आता थोडंच उरलंय. प्रत्यक्षात गिलावा, फरशी, नळकाम, वायरिंग, दारं-खिडक्या, ओटा आणि रंग हे सगळं अजून व्हायचं असतं. साध्या, नीटनेटक्या घरातही ही कामं एकूण खर्चाच्या निम्म्याजवळ सहज जातात. पैसे मात्र तोवर निम्म्याहून जास्त गेलेले असतात. लग्नात हॉल आणि जेवणाचा आकडा आधीच ठरतो, बजेट मोडतं ते मानपान, आहेर आणि ऐन वेळच्या खरेदीत. घराचंही तसंच आहे.

तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या कडेला स्वतःच्या प्लॉटवर, इंजिनिअर आणि ठेकेदार धरून घर बांधणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच, की आतल्या कामांचं बजेट चौरस फुटाच्या एका दराने करू नका. ते मापं घेऊन आणि नग मोजून करा, आणि पाया खणण्याआधी करा.

चौरस फुटाचा दर कुठे फसतो

ठेकेदार सांगतो, 'चौरस फुटाला इतके.' पाया, कॉलम, स्लॅब, वीटकाम यांच्यासाठी हा हिशेब बऱ्यापैकी चालतो, कारण घर मोठं होतं तसं सिमेंट आणि सळई साधारण त्याच प्रमाणात वाढतात. आतल्या कामांचा मात्र जमिनीच्या क्षेत्रफळाशी फारसा संबंध नसतो. ती भिंतींवर, नळांच्या संख्येवर आणि बटणांच्या संख्येवर चालतात.

दोन खोल्या मोजून बघू. पहिली १० बाय १२ ची बेडरूम, उंची १० फूट. जमीन १२० चौरस फूट. चार भिंती मिळून ४४० आणि छत १२०, म्हणजे ५६०. त्यातून ३ बाय ७ चं दार आणि ५ बाय ४ ची खिडकी वजा केली तर साधारण ५२० चौरस फूट उरतात. १२० फुटांच्या खोलीत पुट्टी आणि रंग ५२० फुटांना लागतो, चौपटीहून जास्त.

आता ५ बाय ८ चं बाथरूम. जमीन फक्त ४० चौरस फूट. भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स लावल्या, तर २६ फुटांचा घेर गुणिले ७ म्हणजे १८२. अडीच फुटी दार वजा जाता १६५ च्या आसपास. जमीन धरून एकूण २०५ चौरस फूट टाइल्स. मघाच्या बेडरूमला जमीन आणि चार इंची स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची टाइलची पट्टी) मिळून लागतात जेमतेम १३४. म्हणजे आकाराने तिसरा हिस्सा असलेलं बाथरूम बेडरूमच्या दीडपट टाइल्स खातं. शिवाय त्यात वॉटरप्रूफिंग, कमोड, बेसिन, डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून नळ किंवा शॉवरकडे वळवणारा कॉक), गिझर, नहाणी ट्रॅप (पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड) हे वेगळंच. त्यामुळे नकाशात 'प्रत्येक बेडरूमला अॅटॅच्ड' असं लिहिताना चाळीस फूट जागा वाढली असं समजू नका. घरातली सगळ्यात महाग खोली तुम्ही आणखी एकदा बांधताय. चार माणसांच्या घरात तिसरं बाथरूम खरंच लागणार आहे का, हा प्रश्न नकाशावर विचारला तर त्याला खर्च शून्य. भिंती उभ्या राहिल्यावर त्याच प्रश्नाची किंमत मोजावी लागते.

मापांबद्दल आणखी एक गोष्ट आधी ठरवून घ्या. गिलाव्याचं आणि रंगाचं माप काढताना दार-खिडकीची जागा वजा करायची की नाही, यावरून बिलाच्या दिवशी वाद होतात. यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १२००. त्यातला गिलाव्याचा नियम सोप्या शब्दांत असा: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतची उघडी जागा वजा करायची नाही. त्याहून मोठी, पण तीन चौरस मीटरपर्यंतची असेल, तर भिंतीच्या एकाच बाजूला वजा करायची. दुसऱ्या बाजूचं माप कडांच्या कामाच्या बदल्यात गवंड्याला मिळतं. नेहमीचं दार आणि बहुतेक खिडक्या याच गटात बसतात. त्याहून मोठ्या उघड्या जागा दोन्ही बाजूंनी वजा होतात आणि कडा वेगळ्या मोजल्या जातात. घरात दारं-खिडक्या मिळून १५ असतील आणि प्रत्येक सरासरी २० फुटांची धरली, तर एका बाजूचेच ३०० चौरस फूट होतात. गिलावा, पुट्टी आणि रंग या तीनही बिलांत ते ३०० येतात. 'ओपनिंग वजा करायचं की नाही' हे करारात एका ओळीत लिहून घ्या, मग भांडण उरत नाही.

दुकानातला ५० रुपयांचा टाइल घरात केवढ्याला पडतो

खाली मी आकडे उदाहरणादाखल धरलेत. तुमच्या गावचे दर विचारून तिथे घाला, रीत तीच राहील.

समजा, टाइल चौरस फुटाला ५० रुपये, कर धरून. कापताना आणि फुटून वाया जाणारा माल ८ टक्के धरला, तर ४ रुपये. गाडीभाडं आणि हमाली २ रुपये. खालचा माल, म्हणजे सिमेंट-वाळू किंवा अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार माल), १८ रुपये. लावण्याची मजुरी २५. सांधे भरायला ३. बेरीज १०२ रुपये. दुकानदाराने सांगितलेला आकडा घरात पोचेपर्यंत दुप्पट होतो, आणि बजेटच्या वहीत लिहायचा तो हाच.

यातून एक उपयोगी गोष्ट कळते. टाइल ५० ऐवजी ८० ची घेतली, तर खर्च साठ टक्के वाढत नाही. ३० रुपये दरातले आणि अडीच रुपये वाया जाणाऱ्या मालाचे, म्हणजे १०२ चे साधारण १३४ होतात. उलट ५० ऐवजी ४० ची घेऊन वाचतात जेमतेम ११ रुपये. मजुरी आणि खालचा माल दोन्हीकडे सारखाच लागतो. मग हलकी टाइल घेऊन चार वर्षांत ओरखडे पडलेली जमीन बघण्यापेक्षा हॉलमध्ये चांगली टाइल घ्यावी आणि पोटमाळा, स्टोअर, जिना अशा ठिकाणी कोटा किंवा शहाबादी फरशीवर समाधान मानावं. चार फुटी मोठे टाइल घेणार असाल, तर मजुरीचा दरही विचारा, तो वाढतो.

मटेरियलसह करार असेल, तर त्यात 'टाइल्स, बेसिक रेट ४५' अशी ओळ असते. अर्थ असा, की ठेकेदाराने ४५ ची टाइल धरून दर दिलाय. तुम्ही ७० ची निवडली तर वरचे २५ तुमचे. इथे तीन प्रश्न विचारायचेच. हा ४५ कर धरून की सोडून? दुकानातला की साइटवर पोच? आणि फरक मोजताना वाया जाणारा माल धरणार का? कमोड, बेसिन, नळ, स्विचेस, दारं या सगळ्यांना असेच बेसिक रेट असतात. घरातली मंडळी दुकानात गेली की निवड या दराच्या वर जाते. तो फरक 'एक्स्ट्रा आयटम' म्हणून शेवटच्या बिलात येतो आणि तेव्हा धक्का बसतो. त्यावर उपाय एकच: करारावर सही करण्याआधी कुटुंबाने एकदा दुकानात जाऊन यावं. खरेदी करायची नाही. फक्त आवडतंय ते कोणत्या दरात बसतं हे बघायचं आणि बेसिक रेट तिथे आणून ठेवायचा.

टाइल्स पेटीने मिळतात. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या चार टाइल्सची पेटी म्हणजे १५.५ चौरस फूट. वर सांगितलेल्या बेडरूमला १३४ फूट आणि वाया जाणारा माल धरून १० पेट्या लागतात. सगळ्या एकाच बॅचच्या घ्या, पेटीवर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो. नंतर आणलेल्या पेटीचा रंग किंचित वेगळा आला की तो जमिनीवर कायम दिसत राहतो. काम संपल्यावर एक पेटी माळ्यावर राखून ठेवा.

भिंतीच्या आत जे जाणार, तिथे हात आखडू नका

पैसे कमी पडायला लागले की काटछाट सुरू होते आणि ती बहुधा चुकीच्या ठिकाणी होते, कारण न दिसणाऱ्या गोष्टी आधी कापल्या जातात. मी याच्या अगदी उलट सांगेन. जे बदलायला भिंत किंवा फरशी फोडावी लागेल, त्यावर पूर्ण पैसे लावा. जे पेचकसाने सुटतं, ते आज साधं घ्या. झुंबर, महाग नळ, पडदे, फॉल्स सीलिंग, कपाटांचे दरवाजे पाच वर्षांनीही येतील. पाइप, वायर आणि वॉटरप्रूफिंग नंतर येत नाही.

वायरिंग 'पॉइंट'वर चालतं, म्हणजे दिवा, पंखा, प्लग अशा प्रत्येक जोडणीचा एक दर. म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी प्रत्येक खोलीत पलंग, टीव्ही, टेबल, देवघर कुठे येणार ते नकाशावर पेन्सिलीने काढा आणि पॉइंट मोजा. एका बेडरूममध्ये दोन दिवे, पंखा, पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्लग, पलंगाजवळ दिव्याचं टू-वे बटण (एकच दिवा दोन जागांहून चालू-बंद करणारं), एसी, टीव्ही आणि इस्त्रीसाठी एक एवढं धरलं तरी नऊच्या घरात जातं. 'बेडरूमला पाच पॉइंट' असं करारात लिहिलं असेल, तर उरलेले चार तुमच्या खिशातून. पॉइंटच्या दरात पाइप, वायर, बॉक्स, स्विच काय-काय आलं आणि टू-वे हा एक पॉइंट की दोन, हेही लिहून घ्या. दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण), ही घरगुती कामातली सर्वसाधारण रीत आहे. विजेच्या धक्क्यापासून वाचवणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि नीट अर्थिंग यांवर तडजोड नको, घरात लहान मुलं असतात. इन्व्हर्टरची वेगळी लाइन आणि गच्चीपासून मीटरपर्यंत सोलरसाठी एक रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवा. आज त्याचा खर्च किरकोळ आहे, नंतर त्यासाठी रंगवलेली भिंत खोदावी लागेल.

नळकामात गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप लागतो. डायव्हर्टरचा आतला भाग गिलाव्याआधी भिंतीत बसतो आणि बाहेरची चकती शेवटी येते. दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलला जुळणारे हवेत. त्यामुळे नळांची निवड 'शेवटी बघू' म्हणून ढकलता येत नाही. पाइप झाकण्याआधी पंपाने दाब देऊन लाइन तपासायला सांगा. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या स्लॅबला ओल येते का ते बघा. मगच टाइल्स. ही तपासणी जवळपास फुकट होते. ती न केल्यास पहिल्याच वर्षी खालच्या खोलीचं छत ओलं होतं आणि मग टाइल्स, कोबा, पाइप सगळं उखडून पुन्हा करावं लागतं. तोच टाइल दुकानात मिळत नाही हा त्यातला सगळ्यात लहान त्रास.

गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून. पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे हे त्यावरून कळेल.

ग्रिल, खिडक्या, ओटा

लोखंडी ग्रिलचा दर किलोवर असतो आणि डिझाइन दाखवताना वजन कुणी सांगत नाही. १० मिलिमीटर चौकोनी बार मीटरला ०.७८५ किलो भरतो, १२ मिलिमीटरचा १.१३ किलो. बघायला फारसा फरक नाही, वजनात ४४ टक्के फरक. १०० किलोच्या ग्रिल १४४ किलोच्या होतात. तळमजल्याला जाड बार योग्यच आहे, वरच्या मजल्याला बहुधा गरज नसते. बार किती जाडीचा आणि अंतर किती हे ठरवून अंदाजे वजन आधी मागा आणि माल काट्यावर मोजून घ्या.

अॅल्युमिनिअमच्या खिडक्या चौरस फुटावर असतात. डासांची जाळी हवी असेल तर तीन ट्रॅकची (सरकायच्या तीन खाचांची) खिडकी लागते, दोन ट्रॅकची स्वस्त वाटली तरी जाळीला जागा राहत नाही. बाथरूमच्या चौकटी लाकडाऐवजी ग्रॅनाइटच्या केल्या तर कुजत नाहीत.

ओट्याचा ग्रॅनाइट चौरस फुटाने घेतला, तरी पुढची गोलाई, सिंकचं कापणं, पट्ट्या आणि खालचा कडप्पा यांचं बिल वेगळं येतं. ट्रॉल्या आणि कपाटं हा मोठा खर्च आहे आणि तो सहा महिने पुढे ढकलता येतो. पण करायचा तेव्हा प्लायवूडवरचा शिक्का बघा. साधारण कामाच्या प्लायला आयएस ३०३ आणि मरीन प्लायला आयएस ७१० हे मानक असतं. सिंकखाली ७१० च हवा. बेडरूमच्या कपाटाला तो लावून पैसे वाया घालवू नका.

रंग, पाऊस आणि मुहूर्त

गिलाव्याला आधी पाणी मारायचं आणि मग तो पुरता वाळू द्यायचा. ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली की पोपडे येतात. म्हणून रंगाचं काम पावसाळ्यात अडकणार नाही अशी आखणी हवी. कोकणात आणि घाटमाथ्याला तर जून ते सप्टेंबर आतला रंग शक्यतो टाळावा. जिप्सम प्लास्टरला पाणी मारावं लागत नाही, वेळ वाचतो, पण बाथरूमसारख्या ओल्या जागी ते चालत नाही.

आपल्याकडे गृहप्रवेश दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया असा मुहूर्त धरून ठरतो. ते असावंच. फक्त मुहूर्ताची तारीख ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर पत्रिकेत छापू नका. फरशीवाले आणि पीओपीवाले बऱ्याचदा परराज्यांतले असतात आणि होळी, दिवाळी, छठपूजेला गावी जातात. ऐन वेळी दुसरी टोळी आणली की ती मागेल तो दर द्यावा लागतो. आणि वास्तुशांतीच्या जेवणाचे पैसे वेगळे ठेवा. मी पाहिलंय, की ते नेमके किचनच्या ट्रॉल्यांच्या पैशांतून जातात.

कर्ज आणि कर

बँक कर्ज टप्प्याटप्प्याने देते आणि बहुधा तुमचा वाटा आधी संपवायला सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं. परिणाम असा, की बचत पाया आणि स्लॅबमध्ये जाते. आतली कामं सुरू होतात तेव्हा हातात रोकड नसते, आणि बँकेकडून कर्जाची पुढची रक्कम मात्र टप्पा पुरा झाल्यावर येते. टाइल्सवाला तोवर थांबत नाही. निदान एका टप्प्याचे पैसे, फरशी किंवा नळकाम-वायरिंगचे, सुरुवातीपासून बाजूला ठेवायला हवेत. बँकेला द्यायच्या एस्टिमेटमध्ये आतली कामं नीट लिहिलेली आहेत का हेही बघा, कारण मंजुरी त्यावरच होते. सुट्या फर्निचरला गृहकर्ज सहसा मिळत नाही.

कराचं थोडक्यात: स्वतःच्या एकट्या घरासाठी फक्त मजुरीचा करार केला, तर त्या मजुरीवर जीएसटी नाही. मटेरियलसह करारावर नोंदणीकृत ठेकेदार १८ टक्के लावतो. दोन कोटेशनची तुलना करताना कर कशात धरलाय हे आधी विचारा, नाहीतर महाग वाटणारा ठेकेदार प्रत्यक्षात स्वस्त असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचं एस्टिमेट हातात असेल तर ते पुन्हा काढून घ्या.

वही कशी ठेवायची

एका कामाला एक ओळ. काम, माप किंवा नग, मालाचा दर, मजुरीचा दर, ठरलेली रक्कम, झालेली रक्कम. घराबाहेरची कामं, म्हणजे कंपाउंड, गेट, टाकी, पेव्हर ब्लॉक, विजेचा कायमचा मीटर, राडारोडा उचलणं, यांचं पान वेगळं ठेवा, नाहीतर ती आतल्या कामांचे पैसे खातात. सगळ्या बेरजेवर १० टक्के राखीव धरा. पण ते अडचणीसाठी आहेत, जसं खडक लागला, दर वाढला, माप चुकलं. आवडलं म्हणून महाग टाइल घ्यायची असेल, तर ते पैसे दुसऱ्या ओळीतून कमी करून घ्या. दर रविवारी दहा मिनिटं बसून 'झालेली रक्कम' भरली, तर कुठली ओळ हाताबाहेर जातेय हे वेळेत दिसतं.

आणि करारात एक अट घाला, तोंडी नको, लिहून: एकूण बिलाचे ५ टक्के पहिला पावसाळा उलटल्यावर मिळतील. त्या पावसाळ्यात खिडकीच्या कडांतून पाणी येतं का, बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल धरते का, टाइल्स ठोकल्यावर पोकळ वाजतात का, नहाणीकडे उतार नीट आहे का, हे सगळं बघून घेता येतं. ठेकेदार आधी कुरकुरतो. पण ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो ही अट मान्य करतो, म्हणून ती दर ठरवतानाच मांडा, शेवटचं बिल आल्यावर नाही.